डिग्री नव्हती, पत्र्याचा ट्रे होता

भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या मालावर छापील प्लॅस्टिकची वेष्टणं दिसतातच. पण साध्या पॉलिथिनवर शाई नीट बसत नाही, थेंब होऊन गोळा होते. म्हणून छपाईआधी फिल्मच्या पृष्ठभागावर विजेचा मारा करतात. यालाच कोरोना ट्रीटमेंट म्हणतात (तो कोरोना वेगळा!). मग डाइन पेननं रेघ मारून बघायची. ३८ नंबरच्या पेनची रेघ दोन सेकंद अखंड राहिली, तर फिल्म त्या आकड्याला पास. रेघ तुटून थेंब झाले, तर नापास. हा नंबर म्हणजे पेनमधल्या द्रवाचा पृष्ठताण.

पृष्ठताण आपण ज्युनिअर कॉलेजात घोकतो. पण पृष्ठभागावरच्या मळानं तो किती बदलतो, हे घरच्या घरी मोजणारी मुलगी कधी कॉलेजात गेलीच नव्हती. तिचं नाव अ‍ॅग्नेस पॉकेल्स.

जन्म १८६२ चा, व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. तब्येतीमुळे त्यांना नोकरी सोडावी लागली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलं. अ‍ॅग्नेसला फिजिक्सची भारी ओढ. पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र फिजिक्स शिकायला गेला. त्यानं आणून दिलेली पुस्तकं वाचत ती घरीच शिकली. सोबत घरकाम आणि आजारी आईवडिलांची देखभाल होतीच.

१८८२ मध्ये, विशीत असताना तिनं आपलं उपकरण तयार केलं. साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद असा पत्र्याचा ट्रे. तो पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि वर पत्र्याची एक आडवी पट्टी ठेवायची. पट्टी सरकवली की पाण्याचा पृष्ठभाग लहान-मोठा होई. पाण्याला टेकलेली छोटीशी चकती वर ओढून काढायला किती जोर लागतो, ते तराजूवर मोजायचं. तिला दिसलं की तेलकटपणा विरळ पसरलेला असेल तोवर पृष्ठताण फारसा बदलत नाही. पट्टी सरकवून तोच थर दाटला, की एका टप्प्यानंतर ताण झपकन उतरतो.

जवळपास दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. मग लॉर्ड रॅले याच विषयावर प्रयोग करतायत हे कळल्यावर जानेवारी १८९१ मध्ये तिनं त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले यांच्या पत्नीनं त्याचं भाषांतर केलं. रॅलेंना ते दाबून ठेवता आलं असतं, पण त्यांनी ते ‘नेचर’कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते तिच्याच नावानं छापून आलं.

पुढे अमेरिकेच्या अर्विंग लँगम्युअर यांनी तिच्या पद्धतीत सुधारणा केली. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी, वयाच्या सत्तरीत, अ‍ॅग्नेसला ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये ती गेली. संशोधनाची पगारी नोकरी तिला आयुष्यात कधीच मिळाली नाही.

आज ट्रीट केलेल्या फिल्मला उघड्या बोटांनी हात लावू नका, असं सांगतात. बोटाचा तेलकटपणा लागला की टेस्टचा आकडा चुकतो. इतरांना असला मळ प्रयोग बिघडवणारी कटकट वाटायचा. अ‍ॅग्नेसनं तो मळच मोजायला घेतला.