पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली

शिकणें हें लहानपणींचें काम, मोठेपणीं पोटाचा उद्योग करावा, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती अपुरा आहे हें सालिम अली ह्यांच्या चरित्रावरून दिसतें. म्हणून तें आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस झाला. आईबापांचें छत्र लवकरच हरपलें व मामा अमिरुद्दीन तय्यबजी ह्यांनीं त्यांचा सांभाळ केला. एकदां छर्‍याच्या बंदुकीनें पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हें विचारण्यास हा मुलगा बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सेक्रेटरी मिलर्डसाहेब ह्यांच्याकडे गेला. त्यांनीं तिचें नांव सांगितलें, सोसायटीचा पक्षिसंग्रह दाखविला व पुस्तकें वाचावयास दिलीं.

कॉलेजचा अभ्यास अर्धवट सोडून ते १९१४ सालीं ब्रह्मदेशांत नातलगांच्या व्यवसायांत गेले; पण चित्त रमलें तें रानांत. परत आल्यावर पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांत जागा मिळेना. शेवटीं १९२६ सालीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत लोकांना प्राण्यांची माहिती सांगण्याचें काम मिळालें. स्वतःचें ज्ञान तोकडें आहे हें ओळखून, तिशी उलटल्यावर, ते रजा घेऊन बर्लिन येथें प्रो. स्ट्रेझमान ह्यांचे शिष्य झाले.

१९३० सालीं परत येतात तों पैशाअभावीं ती जागाच रद्द झालेली! मग ते सपत्नीक अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहिले. तेथें त्यांनीं सुगरण पक्ष्यांकडे महिनेच्या महिने लक्ष ठेविलें. घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें कीं माद्या येऊन पारखतात. एखादीनें पसंत करून बिर्‍हाड थाटलें कीं नर दुसरें घरटें विणूं लागतो. ही गोष्ट त्यांनीं शोधून काढिली, ती शेजारच्याच झाडाकडे धीरानें पाहून. १९४१ सालीं निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकानें ही दृष्टि हजारों सामान्य वाचकांना दिली.

पाहणें आलें कीं राखणें आलें. भरतपूरच्या पाणथळींत १९३८ सालीं एका दिवसाच्या शिकारींत ४,२७३ पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर ती जागा शेतीसाठीं मागितली जाऊं लागली, तेव्हां सालिम अलींनीं दिल्लीपर्यंत खटपट करून ती वांचविली.

पुढील प्रकरण मात्र कटु आहे. १९८२ सालीं तेथें गुरें चारण्यास बंदी झाली. तीस त्यांचाही पाठिंबा होता. गांवकरी खवळले व गोळीबारांत कांहींजण प्राणांस मुकले. सोसायटीनेंच १९८० पासून तेथें चालविलेल्या दीर्घ अभ्यासांत पुढें असें आढळलें कीं, म्हशी पाण्यांतील गवत खाऊन पक्ष्यांसाठीं जागा मोकळी ठेवीत होत्या. बंदीनंतर गवत माजलें. हा निष्कर्ष बाहेर येण्यापूर्वींच, १९८७ सालीं, सालिम अली निवर्तले होते.

ह्यामुळें त्यांची थोरवी कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. गुरूचें मत चुकलें, तें त्याच्याच संस्थेनें त्याच्याच पद्धतीनें, पुन्हां पाहून, दाखवून दिलें. विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवचें तळें असेंच पाहावें. पक्ष्यांबरोबर त्याच्या कांठचा गुराखीही पाहावा, आणि त्याला काय ठाऊक आहे तें आधीं विचारावें.