रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' म्हणजे काय? कमल रणदिवेंच्या आयुष्यातून समजून घ्या

मानवत : स्तनातील गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आता थेट मोबाइलवर येतो. त्यात 'ईआर पॉझिटिव्ह' दिसले की 'पॉझिटिव्ह' या शब्दानेच घरचे हादरतात. प्रत्यक्षात हा शेरा उपचाराची एक वाट दाखवतो. तिच्यामागचे विज्ञान घडत होते, त्याच काळात मुंबईत एक मराठी शास्त्रज्ञ याच आजारावर काम करत होत्या.

कोण होत्या डॉ. कमल रणदिवे?

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कमल यांनी मात्र संशोधन निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये काम करताना डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परत येऊन मुंबईतील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली.

उंदरांनी काय दाखवले?

स्तनाचा कर्करोग होणाऱ्या उंदरांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनी तपासला.

मग रिसेप्टर म्हणजे काय?

हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरते, पण प्रत्येक पेशी त्याला प्रतिसाद देत नाही. टॉवरचा सिग्नल गावभर असतो, तरी रिंग ज्याचा नंबर लावला त्याच्याच फोनवर वाजते, तसेच हे. पेशीतील जे प्रथिन हार्मोनला पकडते, ते रिसेप्टर. इस्ट्रोजेन चिकटले की हा रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतो आणि पेशीला वाढण्याचा आदेश देणारी जनुके सुरू होतात. हा शोध रणदिवेंचा नाही. तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एलवूड जेन्सन यांनी लावला. हार्मोन पेशीत नेमके काय करते, याचे उत्तर त्यातून मिळाले.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे. टॅमोक्सिफेनसारखी गोळी तिथे आधीच जागा अडवते आणि सिग्नल थांबतो. रिसेप्टर नसेल तर ही गोळी उपयोगाची नाही. उपचार साधारण ५ वर्षे किंवा त्याहून जास्त चालतो. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.

प्रयोगशाळेबाहेरही काम

१९७३ मध्ये रणदिवेंनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढे त्यांनी राज्यातील खेड्यांत महिलांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. गावातल्या बाईला स्वतःच्या तब्येतीचे कळले पाहिजे, यासाठी त्या झटल्या. हातातला रिपोर्ट समजून घेणे, हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे.