तळीरामाची मैफल आणि गडकरी

राम गणेश गडकरी गेले ते २३ जानेवारी १९१९ रोजी, नागपूरजवळच्या सावनेर गावी, क्षयाने. वय अवघे ३३. महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. भरजरी शालूंसाठी ख्याती असलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. घरोघरी पोहोचलेले हे नाटक रंगमंचावर पाहणे मात्र ते लिहिणाऱ्याच्या नशिबी नव्हते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातेतील नवसारीच्या परिसरातला. वडील लहानपणीच वारले आणि घरात ओढगस्त आली. मॅट्रिक होईपर्यंत विशी जवळ आली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले, पण गणिताने दगा दिला आणि शिक्षण तिथेच थांबले. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकविण्याची नोकरी मिळाली. नाटकाची खरी शाळा त्यांना तिथे भेटली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले. 'गोविंदाग्रज' या नावाने कविता, 'बाळकराम' या नावाने विनोद, शिवाय 'प्रेमसंन्यास', 'पुण्यप्रभाव', 'भावबंधन' अशी नाटके. इतके सारे लेखन या माणसाने जेमतेम दहा-बारा वर्षांत केले.

दारूवर टीका करणारे त्यांच्याआधीही होते. गडकऱ्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी दारूचा रस्ता गुत्त्यावरून नेला नाही. त्यांचा सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद तहकूब होते, आणि त्या जळत्या मनापुढे त्याचाच कारकून तळीराम पहिला पेला धरतो. मग आहे 'आर्य मदिरा मंडळ'. तिथे सभा भरते, वादविवाद झडतात, कोट्या होतात. प्रेक्षक पोट धरून हसतात. हसता हसता कधी सिंधूच्या हाती जात्याचा खुंटा येतो आणि तिचे तान्हे मूल बापाच्याच हातून जाते, ते कळतसुद्धा नाही. व्यसन एकटे येत नाही, चांगल्या सोबतीचा हात धरून येते, हे गडकऱ्यांनी अचूक हेरले होते.

मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचे गाव जमीनदोस्त झाले. पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या त्या दिवसांत मी 'एकच प्याला' वाचले. आजूबाजूला सुधाकर दिसत होते. बायको-पोरे ढिगाऱ्याखाली गेलेले, हाती मदतीचा पैसा आलेला, आणि संध्याकाळ सरता सरत नाही, अशी माणसे. त्यांच्याजवळ कोणीतरी येऊन बसायचे आणि पेला पुढे करायचे. त्यांना नावे ठेवणे सोपे होते. गडकऱ्यांनी सुधाकराला नावे ठेवली नाहीत, त्याचे दुःख आधी दाखविले. म्हणून ते पुस्तक त्या शेडमध्ये मला खरे वाटले. आणि सिंधू? ती तर दर चार शेडमागे एक होती. सोयाबीनच्या रानात मजुरीला जाणारी, पदराच्या गाठीतले पैसे नवऱ्यापासून लपविणारी.

अलीकडे पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने एका संध्याकाळी मला नवे कॉकटेल बार दाखविले. एकात जांभळाचा रस, दुसऱ्यात कोकम आणि मिरची, तिसऱ्यात धुराने भरलेला पेला. मंद दिवे, स्वच्छ टेबले, अदबीने बोलणारी पोरे. एका पेल्याची किंमत गावाकडच्या मजुराच्या दोन दिवसांच्या रोजाइतकी. मी लिंबू-सोड्यावर भागविले. तिथे कोणी झिंगलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगतो. मुले-मुली हसत होती, ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करीत होती. त्यातले बहुतेक जण दोन पेले घेऊन सुखरूप घरी जाणार, हेही खरे. पुतण्या म्हणाला, काका, इथे सगळे मजेसाठी येतात. मी मान डोलावली. पण नजर कोपऱ्यातल्या एका तरुणाकडे गेली. तो सगळ्यांबरोबर हसत होता, फक्त त्याचा पेला इतरांच्या आधी रिकामा होत होता. त्याच्या मित्रांच्या ते ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे.

गडकऱ्यांना जाऊन शंभर वर्षे उलटली. कायद्याच्या कागदावर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो. बाहेर दिव्यांच्या माळा लागल्या आहेत. परवाना तपासणारा येईल तेव्हा येईल. मैफलीतला कोणता माणूस मजेसाठी आला आहे आणि कोणता काही विसरण्यासाठी, हे ओळखणे मात्र शेजारी बसलेल्या मित्राच्याच हाती असते. सुधाकराजवळ त्या घटकेला तळीराम होता. दुसरे कोणी असते, तर कदाचित सिंधूला जाते ओढावे लागले नसते.