आंधळ्याच्या खांद्यावरचा पांगळा

पी.एल. लागली की होस्टेलवर एक शब्द फार ऐकू येतो : इच्छाशक्ती. ज्याचा अभ्यास होतो त्याच्याकडे ती आहे, ज्याचा होत नाही त्याच्याकडे नाही. संपला हिशोब! हा हिशोबच मुळात चुकीचा आहे, असं सांगणारा एक जर्मन माणूस दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. आर्थर शोपेनहौअर. मी वाचायला घेतलं त्याचं तत्त्वज्ञान, पण अडकलो त्याच्या आयुष्यात.

जन्म २२ फेब्रुवारी १७८८, डान्झिगचा (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क). वडील बडे व्यापारी. मुलाने पेढीवर बसावं ही त्यांची इच्छा, तर मुलाला शिकायचं होतं. (इथे आपल्यातले बरेच जण मान डोलावतील!) वडिलांनी सौदा ठेवला. व्यापार शिकायचं कबूल केलंस तर आमच्याबरोबर युरोप बघायला चल, नाहीतर घरी बसून लॅटिन घोक. पंधरा वर्षांच्या पोराने अर्थातच प्रवास निवडला. त्याच प्रवासात, १८०४ मध्ये, फ्रान्सच्या तुलाँ बंदरात साखळदंडांनी बांधलेले कैदी त्याने पाहिले. ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. १८०५ मध्ये वडील हॅम्बुर्गच्या कालव्यात मृतावस्थेत सापडले. ती आत्महत्या असावी, असंच मुलाला वाटत राहिलं. शब्द घेणारा गेला, तरी दिलेला शब्द पाळायचा म्हणून तो आणखी दोन वर्षं पेढीवर खर्डेघाशी करत राहिला. आई योहाना वायमारला जाऊन नामवंत लेखिका झाली. थेट गटेची तिच्याकडे ऊठबस. मायलेकांचं मात्र कधी पटलं नाही. १८१४ मध्ये जे भांडण झालं, त्यानंतर आई २४ वर्षं जगली, पण दोघं पुन्हा भेटले नाहीत.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आपला मुख्य ग्रंथ लिहून पुरा केला. सांगणं थोडक्यात असं : जगाच्या मुळाशी बुद्धी नाही, एक आंधळी इच्छा आहे. दगडाचं खाली पडणं, रोपाचं उजेडाकडे वळणं, आपली भूक, आपलं प्रेम ही सगळी तिचीच रूपं. तिला मुक्काम नाही. हवं ते मिळेपर्यंत तळमळ, मिळालं की कंटाळा. बुद्धी ही तिची चाकर. हे समजावताना त्याने उपमा दिली आहे ती धडधाकट आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या डोळस पांगळ्याची. आपल्या सांख्यदर्शनातही प्रकृती-पुरुषासाठी आंधळ्या-पांगळ्याचीच जोडी येते, हे वाचून मी चकित झालो. उपनिषदं तर त्याच्या रोजच्या वाचनात होती. दारा शुकोहने करवून घेतलेल्या फारसी भाषांतराचं लॅटिन रूपांतर त्याच्या हाती लागलं होतं.

ग्रंथ पडून राहिला. १८२० मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवायला लागला, तर पठ्ठ्याने मुद्दाम हेगेलच्या तासाचीच वेळ घेतली. हेगेलचा वर्ग तुडुंब, याच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं. पुढच्याच वर्षी खोलीच्या दाराशी बोलत उभ्या असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी वाद झाला. याने तिला ढकलून बाहेर काढलं, ती पडली. प्रकरण कोर्टात गेलं आणि ती जिवंत असेपर्यंत वर्षाला ६० थालर भरायची वेळ आली.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. करुणा हाच नीतीचा पाया, असं मानणारा हा माणूस. आतली इच्छा बुद्धीला कशी फरफटत नेते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही दारातल्या गप्पांनी त्याचा तोल गेला. म्हणजे, कळणं पुरेसं नव्हतं.

१८३३ पासून तो फ्रँकफुर्टला एकटा राहिला. सोबतीला पूडल कुत्रा, त्याचं नाव ‘आत्मा’! १८५१ च्या निबंधसंग्रहाने अखेर कीर्ती मिळाली. २१ सप्टेंबर १८६० ला तो गेला, तेव्हा सिग्मंड फ्रॉइड चार वर्षांचा होता.

फ्रॉइडने पुढे मनोविश्लेषण उभं केलं. आपण शोपेनहौअर फार उशिरा वाचला, असं त्याचं म्हणणं. पण १९१७ च्या एका लेखात त्याने त्याला पूर्वसुरी मानलं. साम्य आहेच. फ्रॉइडनेही १९२३ मध्ये घोडा आणि स्वार यांची उपमा दिली. स्वार पुष्कळदा घोड्याला तिकडेच नेतो, जिकडे घोड्याला जायचं असतं. पण फरक मोठा आहे. शोपेनहौअरची इच्छा एकच, साऱ्या विश्वात भरलेली. फ्रॉइडच्या प्रेरणा अनेक, शरीरातून उठणाऱ्या, आपसात भांडणाऱ्या, आणि प्रत्येक माणसाच्या लहानपणाशी जोडलेल्या. म्हणून उपायही वेगळे. तत्त्वज्ञ म्हणतो, संगीतात विसावा घ्या, करुणेने स्वतःला विसरा, शेवटी इच्छाच सोडा. डॉक्टर म्हणतो, इच्छा सुटत नाही. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पाणी आटवता येत नाही, कालवा काढता येतो. आणि रोग्याला नुसतं कारण सांगून भागत नाही. ते म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना मेनूकार्ड वाटण्यासारखं, असं फ्रॉइडने १९१० मध्येच लिहून ठेवलंय. रोग्याने ते स्वतः बोलत बोलत, पुन्हा जगत शोधावं लागतं.

शोपेनहौअरकडे मेनूकार्ड होतं, तेही स्वतः लिहिलेलं. त्याचं ऐकून घेणारा मात्र कुणी नव्हता. आई दुरावलेली, वडील गेलेले, वर्ग रिकामा.

मित्रांनो, आणि सरांनाही विनंती, शेजारच्या रूममधला एखादा पोरगा महिनाभर पुस्तक उघडत नसेल, तर त्याच्याकडे इच्छाशक्ती नाही, असा शेरा मारून मोकळं होऊ नका. इच्छा त्याच्यातही भरपूर आहे. ती कुठे ओढतेय हे त्यालाच कळत नसेल. टाइमटेबल करून देण्याआधी त्याच्याबरोबर एक कटिंग चहा घ्या. आणि त्याला बोलू द्या.