सार्वजनिक काकांची दुकानं

नारायण पेठेत केसरीवाड्यावरून जाताना स्वदेशी म्हटलं की तुम्हाला टिळक आठवतात आणि 1905 सालची परदेशी कपड्यांची होळी आठवते. पण मित्रांनो, त्याच्या जवळपास 30 वर्षं आधी पुण्यातल्याच एका वकिलाने स्वदेशी मालाची दुकानं गावोगावी काढली होती. आजच्या भाषेत रिटेल चेन! त्यांचं नाव गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

काकांचा जन्म 1828 चा, साताऱ्याचा. पुण्यात येऊन आधी नोकरी केली, मग वकिली. 1870 मध्ये त्यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली. सभासद व्हायचंय? मग निदान 50 माणसांचं मुखत्यारपत्र आणा, अशी अट होती. नुसता तोंडी पाठिंबा चालायचा नाही.

साबण, शाई, मेणबत्त्या, छत्र्या आपल्याकडेच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी धडपड केली. माल विकायला पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत इथे दुकानं उघडली.

पण काळ बघा. बाजारात विलायती गिरण्यांचं स्वस्त कापड. त्यात 1876 चा भीषण दुष्काळ. जिथे ज्वारीला पैसा नाही, तिथे छत्री कोण घेणार? 1879 मध्ये तर सरकारने जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकातच काढली. म्हणजे हातमागाशी थेट टक्कर.

आज खप घटला की दुकानदार सेल लावतो, नाहीतर शटर ओढतो. काकांनी दुकानं सहकारी तत्त्वावर चालवली, म्हणजे भार एकट्यावर पडायला नको. माल लोकांच्या नजरेत भरावा म्हणून प्रदर्शनं भरवली. तरीही खोट आली, ती स्वतः सोसली. आणि पहिलं गिऱ्हाईक ते स्वतःच झाले. 12 जानेवारी 1872 ला त्यांनी खादी वापरण्याची शपथ घेतली आणि मरेपर्यंत पाळली. 1877 च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरतारी पोशाखात मिरवत होते, काका तिथे खादीत गेले.

1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणारेही तेच. पुढच्याच वर्षी, वयाच्या 52 व्या वर्षी ते गेले.

काकांची ती दुकानं आज कुठे दिसत नाहीत. पण कल्पना मेली नाही. 1906 मध्ये मुंबईत बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स उघडलं, त्यात टिळकांचाही पुढाकार होता.

दुकान मालकाच्या जिद्दीवर उभं राहतं, पण टिकतं गिऱ्हाइकाच्या सवयीवर, हे काकांना कळलं होतं. म्हणून तर सवय त्यांनी आधी स्वतःला लावली. लक्ष्मी रोडवर ओळखीच्या एखाद्या दुकानावर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी दिसली आणि तुम्ही हळहळलात, तर एवढं आठवून बघा: तिथून आपण शेवटचं काय आणि कधी विकत घेतलं होतं?