मातीतील साक्ष शोधणारे फादर हेरास

येशूसंघीय धर्मगुरू हेन्री हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. १९२२ साली ते मुंबईस आले व सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. विद्यार्थ्यांनी शिलालेख, नाणी व मूळ कागदपत्रे स्वतः अभ्यासावीत, यासाठी त्यांनी १९२६ साली संशोधनसंस्था स्थापिली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ख्रिस्ती श्रद्धा युरोपियनांच्या गलबतांतून प्रथम या देशी आली, हा समज त्यांना मान्य नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथील बिशपांचा उल्लेख केला आहे. अनेक अभ्यासक ते आपले कल्याणच मानतात. संत थोमांप्रमाणे संत बर्थलमयही भारतात, याच किनाऱ्यावर आले, असे मत फादरांनी १९४४ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याला निर्णायक पुरावा अद्याप लाभलेला नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. पुढे २००१ साली गोव्यात आगशीजवळ, जुवारी नदीच्या काठी, पहलवी लेख कोरलेला प्राचीन क्रूस सापडला. आपल्या श्रद्धेची मुळे शोधणाऱ्याने प्रथम पायाखालची माती पाहावी, हाच फादरांच्या जीवनाचा बोध होय.