बाळाच्या डिस्चार्ज कार्डवरच्या अपगार बाई

पिंप्राळ्यात दवाखान्यात बसलं की अधूनमधून एखादी आजी नातवाचं डिस्चार्ज कार्ड पुढे करते. त्यावर लिहिलेलं असतं, अपगार ५ आणि ८. बाळ पहिल्याच परीक्षेत नापास झालं का, ही तिची काळजी. अपगार हे एका डॉक्टर बाईंचं आडनाव आहे.

व्हर्जिनिया अपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात झाला. घरात आजारपण पाहिलेलं. एक भाऊ क्षयाने गेला. १९३३ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. व्हायचं होतं सर्जन, पण बाई सर्जनचा जम बसणं कठीण म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. आपल्या सगळ्यांच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.

बाळंतिणीला भूल देताना त्यांचं लक्ष बाळाकडे जायचं. त्या काळी सगळ्यांची नजर आईवर असे आणि निळं, निपचित बाळ कित्येकदा फारसे प्रयत्न न होता बाजूला ठेवलं जाई. अपगार यांनी १९५३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. जन्मानंतर एका मिनिटाने पाच गोष्टी बघायच्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकाला ० ते २ गुण. पुढे पाचव्या मिनिटालाही गुण देऊ लागले. गुण द्यायचे म्हणजे कुणाला तरी बाळाकडे नीट बघावंच लागे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे गुण पुष्कळदा कमीच येतात, कारण त्याचे हातपाय मुळात सैल असतात. शिवाय फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ कमी असतो. श्वास सोडला की त्या मिटतात. हवेचा सतत दाब देणारी सीपॅप पद्धत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती अपगार यांच्या हयातीतच. सर्फॅक्टंटचं यशस्वी औषध मात्र १९८० मध्ये आलं. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या वारल्या होत्या.

एक गैरसमज दूर करतो. बाळ रडलं नाही तर गुण मोजत थांबत नाहीत. पहिल्या मिनिटातच मास्क-बॅगने श्वास द्यायचा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने हे काम गावातल्या बायकांना शिकवलं, आणि त्यांनी ते घरोघरी केलं.

त्या आजीला मी दुसरा आकडा दाखवतो. ५ चे ८ झाले, म्हणजे बाळाने मदतीला प्रतिसाद दिला. नुसत्या पहिल्या आकड्यावरून पुढची हुशारी ठरत नाही. आणि घरात कुणाला सदतीस आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर एसएनसीयू असलेल्या रुग्णालयात बाळ पोटात असतानाच न्या. १०८ ला फोन करा.